हळद आतच राहायला हवी

सोमवारी अमृता ते ड्रिल मशीन कन्नडच्या दवाखान्यात ठेवून गेली तेव्हा ते काळं-हिरवं होतं. शुक्रवारी सकाळी कपाट उघडून पाहिलं, तर पिवळं आणि लाल झालेलं.

मुठीवर कुंकवाची पाच बोटं उमटली होती. जिथं पातं बसतं तिथं झेंडूचं फूल खोवलेलं होतं. मोटर तापू नये म्हणून अंगावर बारीक फटी असतात, त्यांत हळद गच्च भरलेली. बॅटरीवर अक्षता चिकटल्या होत्या आणि शेजारी वाटीत खोबऱ्याचा एक तुकडा होता, तो आता वाळला होता.

"सर्जेराव!" अमृतानं हाक मारली.

सर्जेराव जिन्याखालच्या खोलीतून पाना हातात घेऊनच आले. दवाखान्याचा जनरेटर, पाण्याची मोटर, वाफेनं निर्जंतुक करायचं ऑटोक्लेव्ह आणि गरज पडली तर ऑपरेशन थिएटरातली वरकामंसुद्धा, सगळं त्यांच्याच हातात असे.

"जी, मॅडम."

"हे काय केलंत?"

"पूजा," सर्जेराव म्हणाले. त्यात विचारण्यासारखं काय आहे, हेच त्यांना कळलं नसावं. "परवा खंडेनवमी झाली नाय का? समद्या हत्यारांची केली. पाने, पक्कड, जनरेटर, ते उकळायचं मशीन. तुमचं तेवढं उपाशी ठेवू व्हय?"

"अहो, पण हळद आत गेलीय. फटींमधून."

"जरा सढळ हातानं टाकली," सर्जेरावांनी कबूल केलं. "पहिलीच खंडेनवमी ना त्याची."

अमृतानं मशीन उचललं तसा हळदीचा बारीक भुगा तिच्या कुर्त्यावर सांडला. घड्याळात साडेनऊ वाजले होते. दहा वाजता सिस्टर येणार होत्या आणि मशीनचा निकाल लागणार होता.

हा दवाखाना एका ट्रस्टचा, वीस खाटांचा. हाडांचे डॉक्टर एकच, इंद्रजीत. फार वर्षांपूर्वी कुणीतरी देणगी म्हणून दिलेलं हाडात भोक पाडायचं परदेशी यंत्र तिथं होतं, ते बंद पडलं. त्याचे भाग आता मिळत नाहीत असं कळलं, आणि नवं घ्यायचं तर त्या रकमेत रुग्णवाहिका आली असती. तेव्हापासून डॉक्टर हातानं फिरवायचं ड्रिल वापरत. एका हातानं दाबायचं, दुसऱ्यानं चाक फिरवायचं. भोक वाकडं जायला एवढंसं निमित्त पुरे, आणि चौथ्या भोकाला खांदा भरून येई. म्हणून लहान-सहान मोडलेली हाडंच ते इथं बसवत. बाकीच्यांना संभाजीनगरला पाठवत.

अमृता जैववैद्यकीय अभियांत्रिकी शिकलेली. संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात घराखालच्या गाड्या लावायच्या जागेत तिची कार्यशाळा होती. तिनं तीन वर्षं एकाच गोष्टीवर काढली होती. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं, सुतार वापरतात ते बॅटरीचं ड्रिल. त्याची ताकद हाडाला पुरते, वेग आवरता येतो, बिघडलं तर गल्लीत दुरुस्त होतं. अडचण एकच होती. ते वाफेत घालून निर्जंतुक करता येत नाही, केलं तर वितळतं. तेव्हा मशीन नको, त्याचं कव्हर वाफेत घालायचं, असं तिनं ठरवलं. घट्ट विणीच्या, आतून लेप दिलेल्या कापडाची पिशवी, आणि तिच्या टोकाला स्टीलची कडी. कडीतून एक दांडी बाहेर येते. आतलं टोक मशीननं धरायचं, बाहेरच्या टोकाला पातं लावायचं. मशीन अस्वच्छ राहिलं तरी चालेल, कारण ते पिशवीत बंद असतं. पिशवी, कडी आणि पातं मात्र वाफेतून निघालेलं.

कागदपत्रं झाली होती, ट्रस्टच्या समितीची परवानगी मिळाली होती, प्रयोगशाळेचा अहवाल होता. पण थिएटरच्या दारातून आत काय जायचं आणि काय नाही, हे तीस वर्षं मनकर्णा सिस्टर ठरवत होत्या. डॉक्टर इंद्रजीत स्वतःच म्हणत, "मी थिएटरात पाहुणा आहे. सिस्टर म्हणतील तर चहा मिळतो."

आणि आत वॉर्डात, तीन नंबरच्या खाटेवर गोजरबाई होत्या. मंगळवारी दीक्षाभूमीला जायला निघालेल्या जीपच्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला आणि नडगीचे दोन तुकडे झाले. धातूची पट्टी लावून आठ स्क्रू बसवायचे, म्हणजे आठ भोकं. हातड्रिलनं एवढं करायचं नाही, असं डॉक्टरांनी त्यांच्या वयाकडं पाहून ठरवलं होतं. सिस्टरनी मशीन आत घेतलं तर उद्या सकाळी इथंच ऑपरेशन. नाही घेतलं, तर उद्या सकाळी जीपमध्ये आडवं घालून संभाजीनगरला, आणि तिथं नंबर लागेपर्यंत वाट पाहणं.

अमृतानं ओला बोळा घेतला आणि हळद पुसायला सुरुवात केली.

"पुसू नका."

मनकर्णा सिस्टर दारात उभ्या होत्या. सत्तावन्न वर्षांच्या, ठेंगण्या, पांढऱ्या साडीची एकही निरी इकडची तिकडं नाही. दहाला पंचवीस मिनिटं असतानाच आल्या होत्या.

"सिस्टर, ही सर्जेरावांनी…"

"दिसतंय मला. माझ्या कात्रीच्या पेटीवरपण लावली होती. झाकणावर लावली म्हणून वाचले हे." सर्जेराव पान्याकडं पाहू लागले. "बाई, तुम्ही महिनाभर मला काय सांगताय? मशीन कितीही घाण असू द्या, घाण पिशवीच्या आत राहते. व्हय ना?"

"हो."

"मग ही घ्या घाण. आयती लावून मिळालीय, तीपण पिवळी. घाला पिशवीत आणि चालवा. बघू बाहेर काय येतं."

अमृताच्या हातातला बोळा तसाच राहिला. तिच्या मनात आलं, की हे तिला स्वतःला सुचायला हवं होतं. प्रयोगशाळेतल्या चाचणीत पिशवीच्या आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नव्हतं, बाहेर काय आलं तेही दिसत नव्हतं. चार दिवसांनी आकडे हाती येत. इथं तर मोटरचा पंखाच हळद उडवणार होता. पिशवी जरा फुगणार, आणि कुठून हवा निसटत असेल तर तिथून हळद निसटणार.

"चालेल," ती म्हणाली. तिला वाटलं त्यापेक्षा आवाज बारीक निघाला.

जुन्या ड्रेसिंगच्या खोलीत टेबलावर पांढरी चादर अंथरली. अमृतानं आणलेल्या पाच पिशव्यांतली वरची काढली. मशीन आत सोडलं, दांडी पकडली, तोंडाला तीन घड्या घालून पट्टा आवळला. सिस्टरनी घड्याळ हातात घेतलं.

"दहा मिनिटं. मध्ये थांबायचं नाय."

"एवढा वेळ सलग कुणी चालवत नाही, सिस्टर. एक भोक म्हणजे अर्धं मिनिट."

"मी चालवते," सिस्टर म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

दहा मिनिटं मशीन घूं घूं करत राहिलं. पिशवी फुगून मांजरासारखी टेबलावर बसली होती. डॉक्टर इंद्रजीत मध्येच डोकावले, चादरीकडं, मग सिस्टरांकडं पाहून निघून गेले. सर्जेराव भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते, ते बहुतेक नवमीच्या देवीलाच काहीतरी सांगत असावेत.

मशीन थांबलं. अमृता वाकून पाहू लागली. पांढरी चादर पांढरीच होती. पिशवीची बाहेरची बाजूही. कडीभोवती तिनं भिंगानं पाहिलं, काही नाही. तिनं श्वास सोडला.

"झालं की!" सर्जेराव म्हणाले.

"थांबा जरा," सिस्टर म्हणाल्या. त्या बाहेर गेल्या आणि खिडकीची काच पुसायची फवारणीची बाटली घेऊन आल्या. बाटलीत गढूळसर पाणी होतं.

"हे काय आहे?"

"धुण्याचा सोडा. बाई, तुम्ही शिकलेल्या, मी काय सांगायचं? पांढऱ्या साडीवर वरणाचा थेंब पडला तर दिसत नाय कधीकधी. साबण लागला की लाल होतो."

सांगायची गरज नव्हती. हळदीतला रंग अल्कलीत लाल होतो, हे अमृता बारावीच्या प्रयोगशाळेत शिकली होती आणि त्याआधी तिनं आईच्या मोरीत पाहिलं होतं. फक्त आत्ता, या खोलीत, ते तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

सिस्टरनी चादरीवर फवारा मारला. मग पिशवीवर.

चादरीवर काही आलं नाही. पिशवीवर मात्र, कडीच्या भोवती, बरोबर गोल, बारीक लाल ठिपके उमटले. कुणीतरी सुईनं रांगोळी काढावी तसे. अमृतानं मोजले. चौदा.

सर्जेरावांनी पाना या हातातून त्या हातात घेतला.

"मग जीपवाल्याला फोन करायचा?" सिस्टरनी विचारलं. स्वरात खोचकपणा नव्हता, आणि त्यामुळंच ते जास्त लागलं.

"मला एक तास द्या," अमृता म्हणाली. "मला बघू दे हे कुठून येतंय."

"बारा वाजेपर्यंत बघा. बाराला गोजरबाईच्या घरच्यांना सांगावं लागतं, त्यांना गाडीची सोय करायची असते."

अमृता पिशवी उलटी करून खिडकीत घेऊन बसली. ठिपके इतके नेमके ओळीत होते, की ते कापडाच्या विणीतून आलेले असणं शक्य नव्हतं. तिनं भिंग लावलं. कडी ज्या रबरी चकतीखाली कापड दाबून धरते, त्या चकतीच्या बाहेर, चार मिलिमीटरवर, शिलाईची एक ओळ होती. ती ओळ तिच्या आराखड्यात नव्हती. आराखड्यात शिलाई एकच, आणि ती चकतीच्या खाली झाकलेली.

तिनं मोनालीला फोन लावला. मोनालीचं कार्यशाळेच्या पलीकडच्या गल्लीत ब्लाउज शिवायचं दुकान होतं, आणि पिशव्या तीच शिवून देत असे.

"मोनाली, कडीपाशी शिलाई दुहेरी मारलीयेस का गं?"

"मारली की, ताई!" मोनालीच्या मागं शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं. "दिसली का? म्हटलं, एवढं जड मशीन लटकणार, एका शिलाईवर कसं टिकेल? डबल मारून दिली. ज्यादा पैसे नाही लावले बरं का."

"सगळ्यांना?"

"पहिल्या तीन सोडून. त्या सिंगल गेल्या, मला तेव्हापासून वाईट वाटत होतं. काय झालं, उसवली का?"

"नाही, उसवली नाही. फार पक्की आहे." अमृतानं डोळे मिटले. "पण प्रत्येक टाक्याला सुईचं भोक पडतं, मोनाली. दुसरी ओळ रबराच्या बाहेर आलीय. भोकं उघडी राहिली."

"अगं बाई. मी चाळणी केली की!"

"तू नाही, मी. आल्यावर प्रत्येक पिशवी तपासायला हवी होती. मी फक्त मोजून घेतल्या."

हे खरं होतं, आणि कुणाला सांगून हलकं होण्यासारखं नव्हतं. प्रयोगशाळेत तिनं त्या पहिल्या तिघींतली एक पिशवी पाठवली होती, अहवाल आला, तिनं तो फाइलला लावला. त्यानंतर पाच पिशव्या इथं आल्या त्या तेवढ्याच चांगल्या असणार, असं ती धरून चालली होती. आता तिनं पाचही पालथ्या करून पाहिल्या. तीन दुहेरी. दोन एकेरी.

ती सिस्टरांकडं गेली तेव्हा अकरा वाजत आले होते. सिस्टर गोजरबाईंच्या खाटेपाशी होत्या.

"जयभीम बाई," गोजरबाईंनीच आधी हाक मारली. "तुमीच का त्या पिशवीवाल्या? माझ्या पायाचं काय ठरतंय ते लवकर ठरवा बगा. नागपूर तर हुकलंच माझं, आता निदान ही खाट तरी हुकू नका देऊ. पंख्याखालची हाय."

"जयभीम, मावशी. ठरवतोय."

"ठरवतोय म्हन्ते. ह्या सिस्टर कवाधरनं हितं हुब्या, नाडी बगायच्या नावाखाली वाट बगायलेत तुमची."

"गप पडा गोजरबाई," सिस्टर म्हणाल्या, आणि अमृताकडं वळून, "बोला."

अमृतानं पिशव्या दाखवल्या. तीन या हातात, दोन त्या हातात. काय चुकलं ते सांगितलं, चूक कुणाची तेही सांगितलं. "या दोघींना हळदीची परीक्षा द्या."

"तीनदा," सिस्टर म्हणाल्या. "एकदा पास होणं म्हणजे नशीब पण असतं."

दोन पिशव्या, प्रत्येकी तीनदा. सर्जेराव प्रत्येक वेळी फटींत नव्यानं हळद भरत, आणि आता ती त्यांना दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून रीतसर मागून आणावी लागत होती. स्वयंपाकीण तिसऱ्या फेरीला म्हणाली, "लगीन कुणाचं हाय वो आत?" प्रत्येक फेरीनंतर पिशवी उलटी करून धुवायची, वाळवायची, पुन्हा लावायची. बारा कधीच वाजून गेले. जीपवाल्याला कुणी फोन केला नाही, हे अमृतानं पाहिलं.

साडेतीनला सहावी फेरी संपली. सोड्याचा फवारा मारला. पांढरं ते पांढरंच राहिलं. पिशवी उलटी केली तेव्हा आतून गर्द पिवळी, सोडा लागताच तांबडी भडक. बाहेर मात्र एक ठिपका नाही.

सिस्टरनी खिशातून पेन काढलं. थिएटरच्या वहीत त्या नवीन साहित्याची नोंद करायला वाकल्या.

"सिस्टर, एक मिनिट."

पेन थांबलं.

अमृताला गप्प बसता आलं असतं. डॉक्टर दारात उभे होते, त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू होतं. पण सांगायचं राहिलं असतं, तर ते तिला रात्रभर टोचलं असतं. "हळदीचा कण जंतूपेक्षा कितीतरी पट मोठा असतो. हळद बाहेर आली तर जंतूही येणार, हे नक्की. पण हळद आली नाही, म्हणून जंतू येणार नाहीत असं यातून सिद्ध होत नाही."

डॉक्टर इंद्रजीतनी कपाळावर हात मारला. "अमृता! त्या लिहीत होत्या."

"मग कशातून होतं?" सिस्टरनी विचारलं.

"प्रयोगशाळेच्या अहवालातून. तिथं जंतूच वापरले होते. तो अहवाल एकेरी शिलाईच्या पिशवीचा आहे, ह्या दोघींबरोबरच शिवलेल्या. म्हणजे ह्या दोघींना तो लागू पडतो. त्या तिघींना पडत नाही." ती थांबली. "मी महिनाभर तुम्हाला तोच अहवाल दाखवत होते, आणि पिशव्या दुसऱ्याच आणल्या होत्या."

मनकर्णा सिस्टर खुर्चीवर बसल्या, वही मांडीवर घेतली.

"तुमच्या आधी दोन कंपन्यांचे लोक येऊन गेले," त्या म्हणाल्या. "एकानं हातमोजे आणले होते, एकानं टाके घालायचा दोरा. टाय बांधून. दोघांच्या मालात एक पण दोष नव्हता. विचारलं तर म्हणाले, शंभर टक्के मॅडम. मी दोघांनाही बाहेरच्या बाहेर पाठवलं." त्या लिहू लागल्या. "ज्याला आपल्या वस्तूत कुठं भोक आहे ते माहीत नाय, त्याची वस्तू मी कशाला आत घेऊ? अहवालाचा नंबर सांगा."

अमृतानं नंबर सांगितला.

"त्या तीन पिशव्यांवर मोठी फुली मारा आणि सर्जेरावला द्या. पाने ठेवायला. आणि ह्या दोन धुवून मला द्या, वाफेला मी स्वतः लावणार."

शनिवारी सकाळी आठला गोजरबाईंना आत घेतलं. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं होतं. छातीपुढं हिरवा पडदा, आणि पडद्याच्या अलीकडं गोजरबाई पूर्ण जाग्या. अमृता टोपी-मास्क घालून भिंतीपाशी उभी होती. कशालाही हात लावायचा नाही, ही अट होती, म्हणून तिनं हात पाठीमागं बांधून घेतले होते.

सिस्टर हात धुवून, निर्जंतुक मोजे घालून तयार होत्या. त्यांनी पिशवीचं तोंड बाहेरच्या बाजूला दुमडलं आणि त्या दुमडीत आपले हात झाकून पिशवी उघडी धरली. मशीन आत सोडायचं काम सर्जेरावांचं. आठवडाभर त्यांनी उशीचा अभ्रा घेऊन सराव केला होता. आता ते दोन्ही हातांनी मशीन धरून पुढं आले. कडांना बोट लागू न देता, पाळण्यात बाळ ठेवावं इतक्या हळू त्यांनी ते आत उतरवलं, आणि हात वरून काढून घेतले.

"लागलं कुठं?" सिस्टर.

"नाय."

"खरं सांगा. दुसरी पिशवी आहे."

"देवाशप्पत नाय, सिस्टर."

तोंड मिटलं, तीन घड्या, पट्टा. सिस्टरांनी मशीन डॉक्टरांच्या हातात दिलं. इंद्रजीतनी पट्टी हाडावर बसवली, पातं टेकवलं, आणि घोडा दाबला.

घूं.

अमृताला तो आवाज हजारदा ऐकून पाठ होता. लाकडावर, प्लास्टिकवर, खाटकाकडून आणलेल्या हाडांवर. तरी ती पुढं झुकून ऐकू लागली. आवाज किंचित जड झाला, मग हाडाची पलीकडची भिंत भेदल्यावर हलका. डॉक्टरांनी लगेच बोट सैल केलं. पिशवी जरा फुगली आणि बसली. एक भोक. सरळ.

"डाक्टर," पडद्यामागून आवाज आला. "सुतार बोलावलाय का वो?"

सगळे थबकले. "घाबरू नका मावशी," इंद्रजीत म्हणाले, "मीच आहे."

"घाबरत न्हाई मी. माझ्या जावयाकडं हाय असलं. त्यानं घराला दार बसवलं तवा असंच वाजत हुतं. तुमी काय दारच बसवता का माझ्या पायाला?"

"दार नाही, पट्टी."

"मग कडी पन बसवा. आत कुनी यायला नको."

सर्जेराव खुदकन हसले. सिस्टरांनी नुसतं त्यांच्याकडं पाहिलं, तर ते हसू मास्कच्या आत जिरलं. पण सिस्टरांच्या स्वतःच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्याच होत्या.

दुसरं भोक. तिसरं. डॉक्टरांनी खांदा एकदा उडवून पाहिला, सवयीनं, मग तो दुखत नाहीये हे लक्षात आल्यासारखे क्षणभर थांबले. चौथं. सिस्टर प्रत्येक स्क्रू देताना मोठ्यानं आकडा उच्चारत होत्या आणि डॉक्टर तोच आकडा परत म्हणत होते. आठव्यानंतर इंद्रजीतनी मशीन ट्रेमध्ये ठेवलं आणि घड्याळाकडं पाहिलं.

"सिस्टर, हे घड्याळ बंद पडलंय का?"

"चालू आहे."

"सव्वा तासच झालाय."

"मग शिवा की. उभे काय राहिलात?"

साडेदहाला गोजरबाई पंख्याखालच्या आपल्या खाटेवर परतल्या आणि शेजारच्या बाईला आठ स्क्रूंची हकिगत सांगू लागल्या. ती हकिगत दहा स्क्रूंवर जाईपर्यंत अमृता तिथं थांबली आणि मग बाहेर पोर्चमध्ये आली. आत्ता कुठं तिला भूक लागल्यासारखं वाटत होतं. एका दगडी कठड्यावर बसून तिनं मोनालीला मेसेज लिहायला घेतला, पण काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसतं "आठ सरळ" एवढं लिहून पाठवलं.

पोर्चसमोर एक जीप उभी होती. मागच्या बाकावर एक गृहस्थ हाताला लाकडी फळी आणि गळ्यात झोळी बांधून बसले होते. चिंचोलीचे शाळामास्तर, झेडपीच्या शाळेच्या छपरावर पोरांचा चेंडू काढायला चढले आणि पडले. हाताची दोन्ही हाडं मोडलेली. काल सकाळीच डॉक्टरांनी त्यांना संभाजीनगरची चिठ्ठी लिहून दिली होती, पण गाडी मिळाली ती आज. ड्रायव्हर तंबाखू मळत होता.

मनकर्णा सिस्टर हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी जीपकडं पाहिलं, मास्तरांच्या खिशातून डोकावणारी चिठ्ठी पाहिली, आणि दोन पायऱ्या उतरल्या.

"मास्तर, सकाळपासून काही खाल्लंय?"

"नाही हो सिस्टर," मास्तर ओशाळून म्हणाले. "घाटात मळमळतं मला. पाणीसुद्धा घेतलं नाही सकाळपासून."

"बरं केलंत," सिस्टर म्हणाल्या. "उतरा खाली."

आणि त्यांनी मागं वळून पाहिलं, तर अमृता आधीच कठड्यावरून उठून दुसरी बॅटरी आणायला निघाली होती.